औरंगजेबानंतरची पडझड: कारणांची यादी सोडा, जहागिरीकडे बघा

एम.ए.च्या प्रबंधाला ‘औरंगजेबाच्या मृत्यूनंतरची मुघल सत्ता’ हा विषय आणि दफ्तरखान्यात कागद बघायला मिळत नाहीत, हे तुमचं दुखणं वाचलं. माझंही नेमकं हेच झालं होतं. वारसायुद्ध, बादशहा बसवणारे-उतरवणारे सय्यद बंधू तुम्हाला पाठ असणारच, ते सोडतो.

माझा घात एका दफ्तरखान्याने केला. दख्खनच्या जहागिरींचे (सरदारांना पगाराऐवजी दिलेल्या मुलखाच्या महसुलाचे) कागद मागितले, तर सूची तयार नाही. सूची मिळाली, तर रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) जागेवर नाही. रुमाल सापडला तेव्हा गाठसुद्धा न सोडता तो टेबलावरून परत नेला, का तर शिफारसपत्रावर जावक क्रमांक नव्हता. प्रबंधाची मुदत त्यातच संपली. अजून चीड येते. मागणी लेखीच द्या, पोच घ्या, तोंडी उत्तरावर कधीही परत फिरू नका.

आता विषयाबद्दल. मला फारसी येत नाही, अनुवादांवर भिस्त आहे, तेव्हा जाणकारांकडून तपासून घ्या. पण माझ्या मते दुखणं जहागिरीत होतं आणि ते औरंगजेबाच्या हयातीतलंच होतं. दख्खनी आणि मराठे सरदार फोडायला मनसबी (दरबारी दर्जा आणि त्याचा पगार) वाटल्या, तेवढा मुलूख हाताशी नव्हता. कागदावरची जमा (ठरवलेला महसूल) एक, पदरात पडणारा हासिल (प्रत्यक्ष वसुली) भलताच. भीमसेन सक्सेना वाचाच. त्या काळच्या आठवणी लिहून ठेवणारा हा बुऱ्हाणपूरचा, मुघल सरदार दलपतराव बुंदेल्याच्या चाकरीतला. जहागीर पुढच्या साली आपल्याकडे राहील याचा भरवसा नाही, म्हणून रयत पिळली जाते, असं तो सांगतो. त्याचा धनी 1707 साली वारसायुद्धात आग्र्याजवळच्या जाजऊला औरंगजेबाचा मुलगा आझम याच्या बाजूने लढताना पडला.

मग 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या (महसुलातला चौथा आणि वर दहावा हिस्सा घेण्याच्या) सनदा आणल्या. 1724 मध्ये मुघल सरदार निजामाने साखरखेर्ड्याला बादशहाच्या बाजूच्या मुबारिजखानाला मारून दख्खन स्वतःकडे ठेवलं. साखरखेर्डा आपल्या बुलढाण्यात, तरी मराठी प्रबंधांत त्याला दोन ओळी मिळतात, हे मला पटत नाही. इराणच्या नादिरशहाच्या दिल्लीवरल्या स्वारीला, म्हणजे 1739 ला, शेवटच्या प्रकरणात टाका. तिच्यापासून सुरुवात केली की सगळा दोष परक्यावर जातो.

तारखा सांभाळा. औरंगजेबाचा मृत्यू काही इंग्रजी पुस्तकांत 20 फेब्रुवारी 1707, इतरत्र 3 मार्च असा दिसेल. दिवस तोच, कॅलेंडर जुनं (ज्युलियन) आणि नवं (ग्रेगोरियन). कुठलं वापरलंय ते पहिल्याच तळटीपेत लिहा, तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.