सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचं संशोधन नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर कलेतून कसं पोचवावं?

पत्रकं वाटू नका, खेळ करा. तिथे बोहाड्याची, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून सोंगं नाचवण्याची परंपरा आहे, मुखवट्यांची भाषा लोकांना कळते. मात्र देवांच्या सोंगांत आजार घुसवू नका, ते मनाला लागतं. गावच्या कलाकारांना विचारून वेगळ्या संध्याकाळी छोटं नाट्य बसवा.

त्यातच मण्यांचा खेळ घ्या. वाहक म्हणजे ज्याच्याकडे आजाराचं एकच जनुक आहे असा माणूस. वाहक आई आणि वाहक बाप, दोघांच्या मुठीत एक लाल मणी (आजाराचं जनुक), एक पांढरा (निरोगी जनुक). डोळे मिटून प्रत्येकाकडून एक उचलायचा. दोन्ही लाल आले तर बाळाला आजार. शक्यता २५ टक्के, आणि दर गरोदरपणात तीच! ‘चारांत एकालाच होतो’ हा गैरसमज इथेच गळतो. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हेही ठासून सांगा.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातले संशोधक सोबत न्या, पण त्यांनी आधी बायकांचे प्रश्न ऐकावेत. मंचावर कुणाचा रिपोर्ट कधीच नको.