विधवा आधी, धव नंतर

हळदीकुंकवाच्या पत्रिकेवर ‘सर्व सधवा भगिनींना आग्रहाचे निमंत्रण’ असे वाचून सांगलीच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे, की सधवा हा शब्द वैदिक आहे का आणि विधवेचे पुल्लिंगी रूप विधुर कसे झाले.

सधवा वैदिक नाही, आणि तो वैदिक असल्याचे ठासून सांगणाऱ्यांनी ऋग्वेद उघडलेला नसतो. दहाव्या मंडलातील अंत्येष्टीच्या सूक्तात पती हयात असलेल्या स्त्रियांना ‘इमा नारीरविधवाः सुपत्नीः’ असे म्हटले आहे. विधवा हा शब्द हाताशी होता म्हणून त्यालाच ‘अ’ जोडला, कारण पती या अर्थाचा ‘धव’ ऋग्वेदात कोठेही नाही. ‘वि + धव’ ही फोड शिकवताना यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकाराचा दाखला दिला जातो. परंतु यास्काने निरुक्त या आपल्या ग्रंथात आधी इतर व्युत्पत्ती देऊन धवाची सर्वांत शेवटी, ‘अपि वा’, म्हणजे ‘किंवा’, असे म्हणून दिली आहे, ही गोष्ट सोयीस्करपणे गाळली जाते. मूळ धातू ‘विध्’, म्हणजे उणे असणे, रिते होणे; लॅटिन विदुआ, रशियन व्दोवा आणि फारसी बेवा ही त्याच कुळातली. पुढे ‘वि’ हा उपसर्ग समजून तोडला गेला, उरलेला ‘धव’ नवरा ठरला आणि त्याला ‘स’ जोडून सधवा घडली. असुरातून सुर निघाला तोही असाच. नवऱ्याचे हे नाव विधवेच्या नावातून जन्मले, याहून सुंदर व्युत्पत्ती मला ठाऊक नाही.

अस्सल जुना शब्द मराठीने जपला आहे: अविधवा, अविहवा, अहेव. भाद्रपद वद्य नवमीला पंचांगात ‘अविधवा नवमी’ छापलेली असते आणि आमच्या साताऱ्यात थोरल्या बायका तिलाच अहेवनवमी म्हणतात. त्या दिवशी श्राद्ध होते ते नवऱ्याआधी गेलेल्या स्त्रीचे, आणि ‘अहेव मरण यावे’ ही तिच्यासाठी मागण्याची गोष्ट मानली गेली, हे मला फार बोचते.

विधुराचा विधवेशी लिंगबदलाचा संबंध नाही. संस्कृतात तो ‘विरहाने व्याकुळ’ अशा अर्थाचे विशेषण असून स्त्रीलाही लागतो. बोलीत बायको वारलेल्या पुरुषाला म्हणत बिजवर, म्हणजे दुसऱ्यांदा नवरा होणारा. ज्या जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेचे पुन्हा लग्न लावण्याची, रीत नव्हती, तेथील विधवेला लग्नासाठी १८५६ चा कायदा यावा लागला.