पब्लिक सेफ्टी लीडरशिपची ऑनलाइन मास्टर्स: नोकरी सांभाळून करावी का?

तुम्ही विचारलंय की अग्निशमन दलात बरीच वर्षं काढल्यावर, शिफ्टची जबाबदारी अंगावर असताना, पब्लिक सेफ्टी लीडरशिपची (म्हणजे पोलीस, अग्निशमन अशा सेवांतल्या नेतृत्वाची) ही ऑनलाइन मास्टर्स करण्यात अर्थ आहे का आणि अशा पदवीला कोणी किंमत देतं का. मी कंट्रोल रूममधली नोकरी करतच हा अभ्यासक्रम पूर्ण केला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं उत्तर आहे, जरूर करा. मात्र बढती हेच मुख्य कारण असेल तर आधी आपल्या सेवेचे नियम काढून वाचा. कुठे पदव्युत्तर शिक्षण ही अटच असते, कुठे त्याचे थोडे गुण मिळतात, कुठे काहीच मिळत नाही. विद्यापीठाची मान्यता त्याच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. ते ज्या देशात आहे तिथल्या अधिकृत यादीत नाव स्वतः शोधा. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची अशी यादी कोणालाही पाहता येते. पदवी परदेशातली असेल तर ती तुमच्याकडे ग्राह्य धरतील का, हे आस्थापना विभागाकडून लेखी घ्या. कोणीतरी तोंडी ‘चालेल’ म्हणालं एवढ्यावर फी भरू नका.

आता खरा मुद्दा. या अभ्यासक्रमात आग विझवायला किंवा तपास करायला शिकवत नाहीत, ते तुम्हाला येतंच. शिकायला मिळतं ते हे की आपण वर्षानुवर्षं जे करत आलो ते उपयोगी पडतंय, हे कशावरून म्हणायचं. पोलिसांच्या गस्तीचं उदाहरण घ्या. १९७२-७३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एक प्रयोग झाला. १५ बीट, म्हणजे गस्तीचे ठरलेले भाग, तीन गटांत विभागले. एका गटात नेहमीची गस्त बंद करून फक्त कॉल आला की गाडी जायची, दुसऱ्यात गस्त पूर्वीसारखीच ठेवली, तिसऱ्यात ती दुप्पट-तिप्पट केली. गुन्ह्यांच्या प्रमाणात किंवा लोकांच्या मनातल्या भीतीत लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. हे वाचल्यावर आमच्या वर्गातले पोलीस अधिकारी अस्वस्थ झाले आणि खूप चांगली चर्चा झाली. गस्त निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हेच. नुसती फिरती गस्त आणि नेमक्या ठिकाणी, नेमक्या कारणासाठी केलेली गस्त यांत फरक आहे, आणि तो अनुभवाच्या जोरावर कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नव्हता.

तुमच्या क्षेत्रातली मॅन गल्चची घटना तर प्रत्येक अधिकाऱ्याने अभ्यासावी असं मला मनापासून वाटतं. ऑगस्ट १९४९, अमेरिकेतलं मोंटाना राज्य. वणवा विझवायला विमानातून उतरलेल्या तुकडीचा आग पाठलाग करू लागली आणि सगळे चढावर धावत सुटले. फोरमन वॅगनर डॉज यांनी समोरचं गवत स्वतःच पेटवलं, त्या जळालेल्या जागेत ते आडवे झाले आणि बाकीच्यांना तिथे यायला सांगू लागले. कोणी आलं नाही. १३ जण गेले, डॉज वाचले. कार्ल वाइक या अभ्यासकाने १९९३ मध्ये या घटनेवर लिहिलं, ते या विषयात आजही वाचलं जातं. त्यांचा रोख असा की माणसं केवळ आगीमुळे गेली नाहीत. समोर काय चाललंय याचा अर्थ लागेनासा झाला, तुकडी तुकडी उरली नाही, आणि प्रमुखाचा अगदी बरोबर असलेला निर्णयही कोणाला पटण्याजोगा वाटला नाही. आपला आदेश ऐन वेळी लोक का मानतील, याची तयारी घटनेच्या किती आधीपासून करावी लागते, हा विचार माझ्या डोक्यात या एका वाचनाने पक्का बसला.

इन्सिडेंट कमांड सिस्टिम, म्हणजे घटनास्थळी कोण कोणाच्या आदेशाखाली काम करणार हे ठरवून देणारी पद्धत, तुम्ही रोज वापरत असाल. तिचा उगम कॅलिफोर्नियातल्या १९७० च्या वणव्यांत आहे. मदतीला आलेल्या यंत्रणांचे रेडिओ जुळत नव्हते, पदनामं जुळत नव्हती, कोण कोणाच्या हाताखाली हे ठरलेलं नव्हतं. म्हणूनच ज्या वर्गात अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका, कंट्रोल रूम असे सगळे एकत्र असतील तो अभ्यासक्रम निवडा. एकाच खात्याची माणसं भरलेल्या वर्गात निम्मा फायदा बुडतो. विषयांच्या यादीत संशोधन पद्धती आणि अंदाजपत्रक हवेतच. नुसती ‘प्रेरणादायी नेतृत्व’ छापाची नावं असतील तर दुसरं विद्यापीठ बघा.

वेळेचा हिशोब मात्र कोणी नीट सांगत नाही. अमेरिकी पद्धतीत एका क्रेडिटला आठवड्याला १ तास वर्ग आणि २ तास घरचा अभ्यास धरतात, साधारण १५ आठवडे. म्हणजे ३ क्रेडिटच्या विषयाला १३५ तास. ऑनलाइनमध्ये तोच विषय बऱ्याचदा ८ आठवड्यांत बसवतात, म्हणजे आठवड्याला जवळपास १७ तास. शिफ्ट ड्युटीत एका वेळी एकच विषय घ्या. रात्रपाळी संपवून लिहायला बसू नका, असाइनमेंट सुट्टीच्या दिवशीच होतात. मोठी दुर्घटना घडली तर मुदत वाढवून मिळते का, हे प्रवेशाआधीच विचारा. अशा अभ्यासक्रमांना या कामाची माणसं माहीत असतात, बहुतेक ठिकाणी सोय असते. घरच्यांशीही आधीच बोला, कारण तुमचे हे तास शेवटी त्यांच्याच वाट्यातून जातात.

चर्चेत आपल्या ताज्या घटना लिहाव्याशा वाटतात. नावं, पत्ते, चालू चौकशीतले तपशील चुकूनही टाकू नका.

शेवटच्या प्रकल्पाचा विषय पहिल्याच सत्रात मनाशी ठरवा, आणि तो आपल्याच ठाण्यातला निवडा. कॉल घेतल्यापासून गाडी बाहेर पडेपर्यंत वेळ कुठे जातो, खोट्या अलार्मचे कॉल पुन्हा पुन्हा कोणत्या इमारतींतून येतात, असं काहीतरी, ज्याच्या नोंदी आधीपासून ठेवलेल्या आहेत. त्या वापरायची परवानगी वरिष्ठांकडून लेखी घ्या आणि अर्ज लवकर करा, कारण ती फाइल फिरायला वेळ लागतो. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागत असेल तर तिचा वेळ वेगळा धरा. फी भरण्यापूर्वी त्या अभ्यासक्रमातून गेल्या एक-दोन वर्षांत बाहेर पडलेल्या, तुमच्यासारखीच ड्युटी करणाऱ्या दोघा-तिघांशी फोनवर बोला. त्यांना एवढं विचारा की प्राध्यापक पेपर तपासून खरंच काही लिहितात का, की नुसते गुण टाकतात.