शिअर लॅग म्हणजे नेमकं काय? 40 मीटरच्या पुलाला तो धरावा लागतो का?

तुम्ही विचारलंय की शिअर लॅग बॉक्स गर्डरच्या (पेटीसारख्या पोकळ तुळईच्या) धड्यात येतो, उंच इमारतींच्या धड्यात येतो आणि साध्या अँगलच्या (L आकाराच्या लोखंडी सळीच्या) बोल्टांपाशीही येतो, तर ही तीन प्रकरणं की एकच? आणि 40 मीटरच्या पुलाला त्याची फिकीर करावी का?

प्रकरण एकच. मी रत्नागिरीत स्ट्रक्चरल डिझाइन करतो. नव्या मुलांना सांगताना मी रापणीपासून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यापासून, सुरुवात करतो. वाळूत उभे राहून दोन्हीकडचे दोर ओढले की जाळ्याची टोकं आधी किनाऱ्याकडे येतात आणि मधलं जाळं पोट काढून मागे रेंगाळतं. बॉक्स गर्डरच्या वरच्या स्लॅबचं असंच होतं. गर्डर वाकताना स्लॅबला ओढणारे किंवा दाबणारे हात म्हणजे दोन वेब, पेटीच्या उभ्या भिंती. त्यांनी कडेला दिलेला जोर मध्यापर्यंत पोचायचा तर स्लॅबमधूनच, शिअरच्या (थर एकमेकांवर सरकवू पाहणाऱ्या जोराच्या) वाटेने जावा लागतो. त्या वाटेवर स्लॅब जरा तिरका होतो आणि मधला भाग मागे पडतो, हाच शिअर लॅग. म्हणून वेबजवळ ताण जास्त, मध्ये कमी. ‘वाकण्याआधी सपाट असलेला छेद वाकल्यावरही सपाट राहतो’ हे आपलं लाडकं गृहीतक इथे लंगडं पडतं. (रापणीची उपमा इथेच सोडा, जाळ्याला दाब सोसत नाही.)

हिशेबात आपण हे सगळं ‘इफेक्टिव्ह विड्थ’मध्ये गुंडाळतो. ताण एकसारखाच आहे असं मानायचं, पण फ्लँज (म्हणजे हा आडवा स्लॅब) अरुंद धरायचा. फॉन कारमान यांनी 1924 मध्ये मांडलेली ही युक्ती आजही पुरते. आयएस 456 या काँक्रीटच्या कोडमधलं टी-बीमचं सूत्र तुम्ही पाठ केलंच असेल, तेही याच घरातलं.

आता तुमचा पूल. रुंदीपेक्षा रुंदीचं लांबीशी असलेलं प्रमाण बघा, आणि लांबी म्हणजे स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) नव्हे, तर मोमेंट (वाकवणारा जोर) शून्य होणाऱ्या दोन बिंदूंमधलं अंतर. वेब 6 मीटर अंतरावर आहेत असं धरू, म्हणजे एका वेबच्या वाट्याला आतला 3 मीटर स्लॅब. आयआरसी 112 या पुलांच्या कोडप्रमाणे त्यातला उपयोगी भाग 0.2 गुणिले 3 अधिक 0.1 गुणिले ते अंतर. सुट्या 40 मीटर स्पॅनला 4.6 मीटर येतात, म्हणजे 3 च्या 3 मीटर पूर्ण कामाला. शिअर लॅग विसरा. पण तोच पूल सलग केला तर पिअरवरचं (मधल्या खांबावरचं) अंतर 0.15 गुणिले (40 + 40), म्हणजे 12 मीटर. उत्तर येतं 1.8. तीन मीटरांतले 1.2 मीटर फुकट गेले! आणि सलग पुलात सगळ्यात मोठा मोमेंट बहुधा तिथेच असतो. विद्यार्थी मिडस्पॅनला तपासून हात झटकतात, ते इथे फसतात.

कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल बघून या. बॉक्स गर्डर एका बाजूने ढकलत नेऊन उभारला. अशा पद्धतीत गर्डरचा जवळजवळ प्रत्येक छेद कधी ना कधी पिअरवरून जातो, त्यामुळे मधल्या छेदांनाही पिअरसारखा मोमेंट सोसावा लागतो.

मोठ्या स्पॅनला दुर्लक्ष महागात पडतं. पलाऊमधला 241 मीटर स्पॅनचा कोरोर पूल 1977 मध्ये झाला, अंदाजापेक्षा कितीतरी जास्त झुकत गेला आणि दुरुस्तीनंतर 1996 मध्ये कोसळला. झुकण्यात क्रीपचा (सततच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू दबत जाण्याचा) वाटा मोठा होता. पण नंतरच्या विश्लेषणात असंही दिसलं की साध्या बीमसारखा हिशेब केल्याने शिअर लॅगमुळे वाढणारं झुकणं नीट पकडता आलं नव्हतं.

उंच इमारत कडेच्या खांबांची पोकळ नळी (ट्यूब) धरली, तर वेबच्या जागी वाऱ्याला समांतर असलेल्या भिंती, फ्लँजच्या जागी वाऱ्याला आडव्या. कोपऱ्यातले खांब जास्त भार घेतात, मधले आळशी राहतात. इंजिनिअर फझलूर खान यांनी शिकागोच्या 442 मीटर उंच सीअर्स टॉवरमध्ये नऊ नळ्या एकत्र बांधल्या त्या यासाठीच. मधल्या भिंती म्हणजे जादा वेब.

राहिला अँगल. आपल्याकडे खरा घोळ इथे होतो, कारण काजू कारखान्याची शेड ट्यूबच्या इमारतीपेक्षा जास्त वेळा बांधली जाते. 65 x 65 x 6 चा अँगल एकाच पायाने बोल्ट केला की मोकळ्या पायापर्यंत ताण पोचायला लांबी लागते. 50 मिमी अंतराने दोनच बोल्ट लावले तर आयएस 800 या पोलादाच्या कोडमधला बीटा (मोकळा पाय किती कामाला येतो याचा गुणक) 0.46 येतो (कोड 0.7 खाली जाऊ देत नाही). चार लावले की तोच 1.09 होतो. एका शेडवर मी दोनाचे चार बोल्ट करायला सांगितले, तर फॅब्रिकेटर म्हणाला, “सायब, दोन बोल्ट तुटणार नाहीत, मी लिहून देतो.” खरंच नसते तुटले. पण मोकळा पाय अर्धवट कामाला लागला असता आणि अँगल भोकापाशी फाटला असता, हे त्याला कागदावर काढून दाखवल्यावरच त्याने ड्रिल उचललं.