समरमध्ये ऑरगॅनिक घ्यावं का?

ठाण्यातून, घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी जन्माने अमेरिकन नागरिक. शाळा आणि बारावी सायन्स ठाण्यात झालं, आता न्यू जर्सीत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरात तिने कॉम्प्युटर सायन्स सोडून बायोलॉजी घेतलं, कारण तिला तिथेच मेडिकलला जायचं आहे, आणि तिकडे मेडिकलला पदवीनंतर जातात. त्या प्रवेशासाठी लागणारे, मागे पडलेले विषय भरून काढायला ती या उन्हाळ्यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे दोन्ही भाग एकापाठोपाठ घेणार म्हणते. आई विचारतात : 'बारावीनंतर महिनाभराच्या क्रॅश कोर्सवर तिने सीईटीला छान पर्सेंटाइल मिळवलं होतं, मग हे का जमू नये? आणि ऑनलाइन घेऊन ती घरी येऊ शकेल का? आजी वाट बघते आहे.'

ताई, तुमच्या लेकीच्या जिद्दीबद्दल मला शंका नाही. पण सीईटीच्या त्या महिन्यावरून या उन्हाळ्याचा अंदाज बांधू नका. नौपाड्यात किंवा राम मारुती रोडला एप्रिलमध्ये जे क्रॅश कोर्स चालतात, त्यात मुलं दोन वर्षं शिकलेलंच पुन्हा घोटतात. समर टर्ममध्ये, म्हणजे तिकडच्या उन्हाळी सत्रात, विषय पहिल्यांदा शिकायचा असतो, तोही एक तृतीयांश वेळात. उजळणी वेगाने होते. समज यायला मात्र दिवस जावे लागतात, मूल कितीही हुशार असो.

आकडे मांडून बघू. तिकडचं नेहमीचं सत्र साधारण 15 आठवड्यांचं. ऑरगॅनिकचे आठवड्याला 3 तास लेक्चर आणि 3 तासांचं एक प्रॅक्टिकल धरा. हेच 5 आठवड्यांत बसवलं की आठवड्याला 9 तास लेक्चर आणि 3 प्रॅक्टिकल्स, म्हणजे 18 तास कॉलेजातच. एका लेक्चरच्या तासाला घरचे दोन तास अभ्यास हा तिकडचा सर्वसाधारण हिशेब, म्हणजे आणखी 18. झाले 36, आणि लॅब रिपोर्ट अजून लिहायचेच आहेत. पार्ट टाइम काम असेल तर ते यात कुठे बसवणार? दोन दिवस ताप आला तर नेहमीच्या सत्रातला आठवडाभराहून जास्त भाग हातचा जातो, आणि पुढची परीक्षा चार दिवसांवर उभी असते.

ऑरगॅनिक आपल्या बारावीतही असतं, हे खरं. एसएनवन, एसएनटू ही रिॲक्शन्सची नावं तिला ओळखीची असतील. पण आपल्याकडे बरीच मुलं रिॲक्शन्स आणि कन्व्हर्जन्स पाठ करून मार्क मिळवतात. तिकडे इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो हे बाण काढून दाखवावं लागतं. रेणूची त्रिमितीय रचना डोळ्यांसमोर फिरवता यावी लागते. एनएमआर या चुंबकीय तपासणीचा आलेख वाचून रेणू कोणता ते ओळखावं लागतं. शिवाय प्रत्येक धडा आधीच्या धड्यावर उभा असतो. पहिला भाग कच्चा राहिला तर दुसऱ्यात आणि पुढे बायोकेमिस्ट्रीतही त्रास होतो, आणि मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, एमकॅटमध्ये, हे सगळं पुन्हा समोर येतं.

आणि तिथली ग्रेड पुसली जात नाही. एमडीच्या (ही तिकडची डॉक्टरकीची पहिलीच पदवी) बहुतेक कॉलेजांचे अर्ज ज्या एएमकॅस या सामाईक यंत्रणेतून जातात, ती विषय पुन्हा घेतला तरी दोन्ही वेळच्या ग्रेड सरासरीत धरते. म्हणून घाईत मिळालेल्या 'सी'पेक्षा एक वर्ष उशीर मला कितीतरी स्वस्त वाटतो. आपल्याकडे 'ड्रॉप घेतला' म्हटलं की नातेवाईक भुवया उंचावतात. तिकडे पदवीनंतर एक-दोन वर्षं लॅबमध्ये किंवा हॉस्पिटलात काम करून मग अर्ज करणारी मुलं भरपूर असतात. तिला कोणी मागे पडलेली समजणार नाही.

उन्हाळा मोकळा घालवावा असंही मी म्हणत नाही. तिने फिजिक्सचा पहिला भाग घ्यावा, आणि फक्त तेवढाच. मेडिकलसाठी बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलसशिवायचं फिजिक्स चालतं, आणि त्यातलं गती, बल, ऊर्जा, संवेग हे तिने अकरावी-बारावीत गणितं सोडवून पक्कं केलेलं आहे. इथे तिची क्रॅश कोर्सची सवय खरोखर कामी येईल, कारण तिच्यासाठी ही मोठ्या अंशी उजळणीच आहे. ऑरगॅनिकचा पहिला भाग सप्टेंबरपासून, दुसरा जानेवारीपासून, पुढच्या उन्हाळ्यात फिजिक्सचा दुसरा भाग, मग शेवटच्या वर्षी बायोकेमिस्ट्री आणि एमकॅट. पदवी मिळाली की त्याच उन्हाळ्यात अर्ज. अर्ज आणि प्रवेश यांच्या मधे एक वर्ष मोकळं मिळतं, तेव्हा तिने रुग्णांच्या जवळ राहून काम करावं. प्रवेश देणारे तेही बघतात.

ऑनलाइनचं म्हणाल तर थिअरीपुरतं ठीक. प्रॅक्टिकल ऑनलाइन केलेलं सगळीच मेडिकल कॉलेजं धरत नाहीत, म्हणून फिजिक्स तिने तिथेच करावं. तिकडची सकाळी दहाची लाइव्ह लेक्चर्स उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला येतात. घर माणसांनी भरलेलं असताना तो अभ्यास कसा होतो, हे तुम्हीच जाणता. पुष्कळ विद्यापीठांत समरची पहिली फेरी मे अखेर सुरू होऊन जूनअखेरीस किंवा जुलैच्या सुरुवातीला संपते. ती संपल्यावर तिला घरी येऊ द्या. आजीला नात पुस्तकाशिवाय भेटेल.

फी भरण्याआधी तिला तीन गोष्टी विचारायला सांगा. कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे तिकडच्या दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, स्वस्त पडतं म्हणून तिथे घेणार असेल, तर ते क्रेडिट धरू असं तिच्या विद्यापीठाकडून आधी लेखी घ्यावं. समरमध्ये विषय सोडण्याची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते, ती तारीख तिला ठाऊक हवी. आणि ज्या मेडिकल कॉलेजांवर तिची नजर आहे त्यांना कम्युनिटी कॉलेजचे विषय चालतात का, हे त्यांच्या वेबसाइटवर किंवा तिच्या विद्यापीठातल्या प्री-मेड सल्लागाराकडून (मेडिकलला जाणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करणाऱ्याकडून) पाहून घ्यावं. सल्लागाराच्या भेटीची वेळ तिने याच आठवड्यात मागावी, आणि उत्तरं हातात आल्यावरच तुम्ही विमानाचं तिकीट काढा.