मार्गारेट रदरफोर्डला लोक इतकं का मानतात?

तुमचा प्रश्न असा आहे: १९६१ ते १९६४ मधल्या कृष्णधवल मार्पलपटांतली ती धिप्पाड, गाल थरथरवणारी ब्रिटिश नटी अगाथा ख्रिस्तींच्या पुस्तकांतल्या नाजूक, विणकाम करत खुनांचा छडा लावणाऱ्या मिस मार्पलच्या जवळपासही जात नाही, मग जुनी माणसं तिला डोक्यावर का घेतात?

पहिला भाग पूर्ण मान्य. अगाथा ख्रिस्तींनाही ते चित्रपट फारसे रुचले नव्हते. चारपैकी फक्त पहिला, ‘मर्डर शी सेड’, मार्पलच्या कादंबरीवर बेतलाय, आणि त्यातही आगगाडीतून खून पाहणारी मैत्रीण आणि संशय असलेल्या घरात कामाला राहणारी हुशार ल्युसी या दोघींना वगळून सगळं मार्पलच्याच गळ्यात घातलंय. दुसरा आणि तिसरा मुळात ख्रिस्तींच्या दुसऱ्या गुप्तहेराच्या, प्वारोच्या गोष्टी. चौथ्याला तर कादंबरीच नाही. पण त्याच ख्रिस्तीबाईंनी १९६२ साली आलेली मार्पलची कादंबरी मार्गारेट रदरफोर्डला अर्पण केली, कौतुकाचा उल्लेख करून. चित्रपट आवडले नाहीत तरी नटी आवडली होती. हा फरक का पडला ते कळायला मार्पल जरा बाजूला ठेवावी लागेल.

ही बाई व्यावसायिक रंगभूमीवर आली तेव्हा ३३ वर्षांची होती. त्याआधी पियानोच्या आणि वक्तृत्वाच्या शिकवण्या करायची. सांभाळणारी मावशी वारली, थोडे पैसे मागे राहिले, तेव्हा कुठे १९२५ मध्ये लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात शिरकाव झाला. चेहरा नायिकेचा नव्हता, वयही नव्हतं. नाव व्हायला पुढची दहा-बारा वर्षं गेली.

आणि मावशीकडे का वाढली? तिच्या वडिलांनी १८८३ मध्ये मनोविकाराच्या भरात स्वतःच्या वडिलांचा, एका धर्मोपदेशकाचा, जीव घेतला होता. ब्रॉडमूरच्या मनोरुग्णालयातून सुटल्यावर त्यांनी बेन हे आडनाव टाकून रदरफोर्ड लावलं. १८९२ मध्ये मार्गारेटचा जन्म झाला आणि तिला तान्हेपणीच घेऊन कुटुंब मद्रासला आलं. ती तीन वर्षांची असताना आईनं आत्महत्या केली आणि पोर विंबल्डनला मावशीकडे परत गेली. वडीलही वारले असं तिला सांगितलं होतं. ते जिवंत आहेत आणि पुन्हा ब्रॉडमूरमध्ये आहेत हे तिला बारा वर्षांची झाल्यावर कळलं. आपलंही तसंच होईल ही धास्ती तिला जन्मभर राहिली, आणि नैराश्याचे झटकेही येत राहिले.

हे सगळं सांगतोय ते चघळायला म्हणून नाही. माझं मत असं की या बाईला वेडाची थट्टा करताच येत नसे, आणि तिच्या विक्षिप्त भूमिकांचं सगळं बळ त्यातच आहे. नोएल कॉवर्डच्या ‘ब्लाइथ स्पिरिट’ नाटकातली (१९४१) मादाम आर्काटी घ्या. भुतं बोलावणारी, सायकलवरून हिंडणारी बाई. भूमिका आली तेव्हा तिनं आढेवेढे घेतले, कारण परलोकविद्या मानणाऱ्यांची टिंगल तिला करायची नव्हती. डेव्हिड लीनच्या १९४५ च्या रंगीत चित्रपटात ती बघायला मिळते. तिला घरी बोलावणाऱ्या लेखकाची बायको रूथ तिला सांगून टाकते की माझ्या नवऱ्याला कादंबरीसाठी या धंद्यातल्या क्लृप्त्या हव्या होत्या म्हणून तुम्हाला बोलावलं. त्या वेळी आर्काटीचा चेहरा नीट बघा. दुसऱ्या कुणी नटीनं तिथं हातवारे करून हशा वसूल केला असता. रदरफोर्ड नुसती ताठ होते. आयुष्यभराच्या कामाचा अपमान झालेल्या बाईसारखी. हसू येतं आपल्याला, पण मीही तिथं दरवेळी आर्काटीच्या बाजूनं होतो.

दुसरा पुरावा १९५२ च्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मधली मिस प्रिझम. २८ वर्षांपूर्वी हिनं तान्हं मूल बॅगेत घातलं आणि आपल्या कादंबरीचं हस्तलिखित बाबागाडीत. ती बॅग आता समोर येते. अख्खं घर श्वास रोखून उभं, आणि ही बॅगेवरची बसच्या अपघाताची खूण शोधते, अस्तरावरचा डाग शोधते, कुलपावरची आद्याक्षरं शोधते. ओळख पटते आणि बॅग परत मिळाल्याचा तिला मनापासून आनंद होतो! मुलाचं काय झालं हे तिच्या ध्यानीमनीही नसतं. ऑस्कर वाइल्डचा विनोद तिथंच आहे, आणि रदरफोर्ड त्याला स्वतःचं काहीही जोडत नाही. जुनी हरवलेली वस्तू सापडलेल्या म्हातारीचे हात जसे फिरतात तसे फिरवते, बस्स. हनुवटीनं अभिनय करते ही नाट्यसमीक्षक केनेथ टायनन यांनी तिला दिलेली दाद प्रसिद्धच आहे, पण मला तिचे हात जास्त आवडतात.

बाकीची कारकीर्द थोडक्यात. ‘पासपोर्ट टू पिमलिको’ आणि ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ युवर लाइफ’. ‘द व्ही.आय.पीज’मधल्या कडकीला आलेल्या डचेससाठी वयाच्या ७१ व्या वर्षी ऑस्कर. नंतर ऑर्सन वेल्स आणि चॅप्लिन या दोघांच्याही चित्रपटांत कामं. १९६७ मध्ये डेम किताब मिळाला, १९७२ मध्ये ती गेली.

आता मार्पल. ही भूमिकासुद्धा तिला नकोच होती, खुनाबिनाचे विषय तिला ओंगळ वाटत. तयार झाली तेव्हा कपडे स्वतःचे घातले आणि नवरा स्ट्रिंगर डेव्हिसला सोबत आणलं. गावच्या वाचनालयातले ते भित्रे, एकनिष्ठ मिस्टर स्ट्रिंगर म्हणजे तेच. या दोघांचं लग्न १९४५ मध्ये झालं, तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. पडद्यावर ते तिच्याकडे ज्या काळजीनं बघतात ना, ती खरी आहे. सत्तरीच्या आगेमागे ती या चित्रपटांत घोड्यावर बसते, ट्विस्ट नाचते, तलवार खेळते, आणि एकदाही प्रेक्षकांकडे बघून ‘काय गंमत आहे ना’ असा डोळा मारत नाही.

तेव्हा ख्रिस्तीची मार्पल हवी असेल तर इथं शोधू नका. आधी ‘ब्लाइथ स्पिरिट’ बघा, मग ‘अर्नेस्ट’, आणि त्यानंतर ‘मर्डर शी सेड’ पुन्हा लावा. त्यात त्या घरात काम करणाऱ्या मिसेस किडरकडे जरा लक्ष द्या. ती जोन हिक्सन आहे. १९८४ पासून बीबीसीवर आलेली, बहुतेकांना पुस्तकाबरहुकूम वाटणारी मिस मार्पल तिनंच केली.