एकच गॅस आयुष्यभर मोजायचा?

प्रश्न: माझी मुलगी केमिस्ट्रीत एमएस्सी करतेय. मैत्रिणी सगळ्या औषध कंपन्यांचे इंटरव्ह्यू देतायत आणि हिचं एकच, हवेतले गॅस मोजायच्या विषयात पीएचडी करायचीय. तिचे बाबा म्हणतात एकदा मोजला की झालं ना, तेच तेच परत काय मोजायचं? खरं सांगते, मलाही उत्तर देता आलं नाही. – एक आई, सांगली

उत्तर: ताई, बाबांचा प्रश्न रास्त आहे, आणि ह्याच प्रश्नाने एका मोठ्या माणसाला जन्मभर छळलंय. चार्ल्स डेव्हिड कीलिंग, अमेरिकेतले, शिक्षणाने तुमच्या लेकीसारखेच केमिस्ट. १९५०च्या दशकात ते कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक ह्या संस्थेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधक होते, तेव्हा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे आकडे ज्याचे त्याचे वेगळे, कुणाचा कुणाशी मेळ नाही, म्हणून ह्यांनी आधी स्वतः मॅनोमीटर, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं यंत्र, बनवला आणि काचेचे फ्लास्क घेऊन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या बिग सरच्या जंगलात मुक्काम ठोकला, दर काही तासांनी एक सॅम्पल, रात्रीसुद्धा उठून. रात्री आकडा वर जायचा, दुपारी खाली, आणि जिथे जाल तिथे दुपारचा आकडा साधारण ३१० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे ३१०. आधीचा घोळ बराचसा मोजण्यातलाच होता.

मग मार्च १९५८ला हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवर, साधारण ३४०० मीटर उंचीवर, इन्फ्रारेड प्रकाशाने हा गॅस मोजणारा ॲनालायझर बसवला. आकडा आला ३१३. तिथेच थांबले असते तर तेवढंच कळलं असतं. वर्षभर मोजलं तेव्हा दिसलं की मे महिन्यात आकडा सगळ्यात वर असतो आणि मग शरदापर्यंत उतरतो, कारण उत्तर गोलार्धातली झाडं त्या काळात गॅस ओढून घेतात, अख्ख्या पृथ्वीचा श्वासच तो! अजून मोजत राहिले तर दिसलं की प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षाच्या वर चाललंय. बाबांना एवढंच सांगा, ह्या दोन्ही गोष्टी तेच तेच मोजलं म्हणूनच कळल्या.

१९६४ला पैसे कमी पडले आणि काही महिने मोजणी बंद, रेकॉर्डमध्ये ती फट आजही आहे. नंतरही हे रुटीन काम आहे, रिसर्च नाही, असं त्यांना ऐकावंच लागलं आणि मला ह्याचा अजून राग येतो. २००५ला ते गेले. त्यांचा मुलगा राल्फ, ज्यांनी हवेतला ऑक्सिजन तितक्याच बारकाईने मोजायची पद्धत काढली, ते हे काम पुढे नेतायत. २०१३च्या मेमध्ये मौना लोआचा आकडा ४००ला टेकला, आता ४२०च्या वर आहे.

आता ह्यात अवघड काय? हल्ली वर्षाची वाढ दोन-तीन पीपीएमची, त्यामुळे मशीनचा आकडा तेवढा सरकला तर वर्षभराची मेहनत पाण्यात. म्हणून दिवसाचा मोठा वेळ कॅलिब्रेशनमध्ये, स्टँडर्ड गॅसच्या, म्हणजे प्रमाण आधीच पक्कं माहीत असलेल्या गॅसच्या, सिलिंडरशी परत परत ताडून बघण्यात जातो. आणि आपण सोडतो त्या श्वासात साधारण ४०,००० पीपीएम असतो, म्हणून फ्लास्क भरताना वाऱ्याकडे तोंड करून श्वास रोखायचा. माझी नोकरी संपली तरी ती सवय अंगात आहे.

आणि हे काही फक्त अमेरिकेतलं काम नाही हं. गोव्यात काब द रामला १९९३पासून फ्लास्क भरून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ ह्या सरकारी विज्ञान संस्थेच्या लॅबला पाठवत होते, पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेने २००९ला सिंहगडावर सॅम्पलिंग सुरू केलं. आपला किनारा ह्या कामाला फार भारी जागा आहे, पावसाळ्यात समुद्रावरची स्वच्छ हवा येते आणि हिवाळ्यात वारा फिरतो की जमिनीवरची, धूर-शेतीचा सगळा हिशोब घेऊन. एकाच जागी उभं राहून दोन वेगळ्या हवा मोजता येतात!

लेकीने नेट किंवा गेट परीक्षा द्यावी, पुण्याचं आयआयटीएम आणि अहमदाबादचं पीआरएल (फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी) दोन्हीकडे बघावं. सुरुवातीची काही वर्षं फेलोशिपवर काढावी लागतील, औषध कंपनीचा पगार लगेच नाही मिळणार, हे घरात आधीच बोलून घ्या. आणि तिला विचारा, नळीतला एक लीक शोधण्यात आठवडा गेला तर चालेल का, कारण असे आठवडे खूप येतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला बऱ्याच संस्था लोकांसाठी खुल्या असतात, तेव्हा बाबांनाही सोबत न्या आणि तिथल्या कुणालाही ते स्टँडर्ड गॅसचे सिलिंडर दाखवायला सांगा.